नकारात्मक विचार थांबत नाहीत? बुद्धांनी सांगितलेले पाच उपाय

रात्रीचे साडेअकरा. दिवा मालवून तुम्ही आडवे झालात आणि दुपारी साहेबांनी चारचौघांत ऐकवलेलं वाक्य पुन्हा आठवलं. त्यावर काय उत्तर द्यायला हवं होतं, तेही आठवलं. मग गेल्या वर्षीची एक चूक, आणि शेवटी नेहमीचा निष्कर्ष : 'मला काहीच जमत नाही.' घड्याळ पाहिलं तर साडेबारा.

'असले विचार करू नकोस' हा सल्ला अशा वेळी उपयोगी पडत नाही. विचार ढकलावा तसा तो दुप्पट जोराने परत येतो. मग करायचं काय? या प्रश्नाचा बौद्ध परंपरेत फार बारकाईने विचार झालेला आहे.

सती म्हणजे काय?

आज आपण ज्याला 'माइंडफुलनेस' म्हणतो, त्याचा मूळ पाली शब्द आहे 'सती', संस्कृतात 'स्मृती'. सती म्हणजे मन रिकामं करणं नव्हे. आत्ता मनात आणि शरीरात काय चाललं आहे, याचं भान ठेवणं म्हणजे सती. सतिपट्ठान सुत्तात या भानाची चार क्षेत्रं सांगितली आहेत : शरीर, संवेदना, चित्त आणि धम्म, म्हणजे मनात येणारे विषय व त्यांचे नियम. त्यातला चित्ताचा भाग आपल्या कामाचा. मनात राग असेल तर राग आहे हे जाणायचं, नसेल तर नाही हे जाणायचं. रागावल्याबद्दल स्वतःला बोल लावायचा नाही.

हा फरक छोटा वाटतो, पण त्याने बरंच काही बदलतं. 'मी नालायक आहे' हे वाक्य खरं वाटतं. 'मी नालायक आहे, असा विचार मनात आला आहे' असं म्हटलं की विचार आणि आपण यांच्यात थोडं अंतर पडतं.

दुसरा बाण

सल्ल सुत्तात बाणाची उपमा आहे. एखाद्याला बाण लागला तर वेदना होणारच. पण तो लगेच दुसरा बाण लागल्यासारखा तळमळू लागतो. पहिला बाण म्हणजे घडलेली दुःखद गोष्ट, आणि दुसरा त्यावरची मनाची आदळआपट. साहेबांचं बोलणं हा पहिला बाण. तो दुपारीच लागून गेला. रात्री साडेबारापर्यंत लागत होता तो दुसरा. पहिला टाळणं दर वेळी आपल्या हातात नसतं, दुसऱ्याबाबत मात्र काही करता येतं.

पाच उपाय

मज्झिम निकायातलं विसावं सुत्त, 'वितक्कसण्ठान सुत्त', याच विषयावर आहे. श्रावस्तीच्या जेतवनात बुद्धांनी भिक्खूंना त्रासदायक विचारांवर पाच उपाय सांगितले. ते क्रमाने वापरायचे : पहिल्याने काम झालं नाही तर दुसरा, त्यानेही नाही तर तिसरा.

1. विचार बदला. सुतार जाड खुंटी काढायला बारीक खुंटी ठोकतो, तसा एका विचाराच्या जागी चांगला विचार आणायचा. कुणाबद्दल द्वेष वाटत असेल तर मैत्रीभाव आणायचा. स्वतःचाच राग येत असेल, तर हीच चूक जिवलग मैत्रिणीने केली असती तर आपण तिला काय म्हटलं असतं, ते आठवायचं.

2. तोटा पाहा. नटण्याची हौस असलेल्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या गळ्यात मेलेला साप अडकवला तर त्यांना किळस येईल. तसं, हा विचार आपली झोप, भूक, घरच्यांशी असलेलं बोलणं कसं बिघडवतो आहे, ते स्पष्ट पाहायचं.

3. लक्ष काढून घ्या. नको ते दृश्य दिसलं की आपण डोळे मिटतो किंवा मान वळवतो. तसं उठून पाणी प्यायचं, कपड्यांच्या घड्या घालायच्या. विचाराला खतपाणी मिळालं नाही की तो सुकतो.

4. वेग कमी करा. भरभर चालणाऱ्याला वाटतं, एवढी घाई कशाला? तो सावकाश चालतो, मग थांबतो, बसतो, शेवटी आडवा होतो. तसंच विचाराच्या मागे जाऊन पाहायचं : हा कशातून उठला? भीतीतून, थकव्यातून, की नुसत्या भुकेतून? मूळ दिसलं की वेग ओसरतो.

5. दाबून टाका. एवढं करूनही जमलं नाही, तर दातावर दात आवळून, जीभ टाळूला लावून मनाला आवर घालायचा. बहुतेक जण सुरुवातच इथून करतात. सुत्तात मात्र हा उपाय सर्वांत शेवटी येतो.

सुरुवात कशी करावी?

रोज दहा मिनिटं पुरेत. पाठ ताठ ठेवून बसा, श्वासाकडे लक्ष द्या. विचार येतील, ते यायचेच. आला की त्याला मनात नाव द्या : 'काळजी', 'राग', 'जुनी आठवण'. छातीत, पोटात, जबड्यात कुठे ताण जाणवतो ते पाहा आणि पुन्हा श्वासाकडे या. पन्नास वेळा मन भटकलं आणि पन्नास वेळा परत आणलं, तर तो पन्नास वेळा झालेला सराव आहे.

हे खरंच उपयोगी पडतं का?

1979 साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अशा सरावाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे टीसडेल, सेगल आणि विल्यम्स यांनी नैराश्य पुन्हा उद्भवू नये म्हणून त्यावर आधारित उपचारपद्धती तयार केली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, आधी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या 66 टक्के लोकांना ते 60 आठवड्यांत पुन्हा आलं. नेहमीच्या उपचारांना या सरावाची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण 37 टक्के होतं. दोनदाच नैराश्य आलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणजे हा सराव उपयोगी आहे, पण रामबाण नाही.

कधी थांबावं?

डोळे मिटून बसल्यावर जुने आघात उसळून येत असतील, तर एकट्याने रेटू नका. नैराश्य तीव्र असताना इगतपुरीसारख्या ठिकाणच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराला थेट जाऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला. चालू असलेली औषधं मनाने बंद करू नका. जगणं नको वाटत असेल तर सरावाची वाट न पाहता घरच्या कुणाला सांगा, किंवा 14416 या 'टेलि-मानस' क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे.

गुराखी आणि गुरं

मज्झिम निकायातल्या आणखी एका सुत्तात गुराख्याची उपमा आहे. पिकं उभी असताना गुरं शेतात शिरू नयेत म्हणून त्याला काठी घेऊन सतत मागे राहावं लागतं. पीक घरात आलं की तो झाडाखाली बसतो. गुरं तिथे चरत आहेत, एवढं भान त्याला पुरतं. आपल्या मनाचंही तसंच. काही रात्री काठी हातात घ्यावी लागेल. सराव होत गेला, की कधीतरी नुसतं झाडाखाली बसूनही भागेल.