वारसाहक्काने आलेली माणसे

अमेरिकेतील इलिनॉय या घटक राज्याचे दुसरे गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले कार्यकारी प्रमुख, एडवर्ड कोल्स यांचा उल्लेख इतिहासग्रंथांत बहुधा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांना लिहिलेल्या एका पत्रापुरताच येतो. गुलामगिरी हा त्या काळी विधिमंडळाइतकाच घरातलाही, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेचा, वाटणीचा आणि भावाबहिणींच्या रागलोभाचा प्रश्न कसा होता, हे मात्र त्यांच्या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या नेत्यांच्या चरित्रांतून क्वचितच दिसते.

कोल्स यांचा जन्म १७८६ मध्ये व्हर्जिनियातील आल्बमार्ल परगण्यात एनिसकॉर्थी येथे झाला. गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या विस्तीर्ण शेतजमिनींचा मालक असलेले हे घराणे सत्तेच्या अगदी निकट होते: राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या पत्नी डॉली यांचे आजोळ कोल्स घराण्यातले, थोरले बंधू आयझॅक हे जेफर्सन यांचे खाजगी सचिव, आणि पुढे १८१० ते १८१५ या काळात स्वतः एडवर्ड हे मॅडिसन यांचे खाजगी सचिव. विल्यम अँड मेरी महाविद्यालयात शिकत असताना, माणसाची मालकी माणसाकडे कशी असू शकते, या त्यांच्या प्रश्नाला अध्यापक बिशप जेम्स मॅडिसन यांना (हे राष्ट्राध्यक्षांशी नामसाधर्म्य असलेले त्यांचे नातलग) तात्त्विक समर्थन देता आले नाही, आणि त्या कबुलीतूनच गुलाम न बाळगण्याचा कोल्स यांचा निश्चय झाला. हा निश्चय वडिलांना कळला तर ते मृत्युपत्रात गुलामांऐवजी दुसरे काही आपल्या नावे करतील आणि मुक्त करायला हाती कोणी उरणारच नाही, हे ओळखून त्यांनी तो मनातच ठेवला. १८०८ मध्ये वडील वारले, एक शेत आणि सुमारे डझनभर गुलाम त्यांच्या वाट्याला आले, आणि मगच त्यांनी आपला बेत घरच्यांपुढे मांडला. अपेक्षेप्रमाणे घरातून विरोध झाला.

अडचण केवळ नात्यागोत्याची नव्हती. व्हर्जिनियाच्या १८०६ च्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या गुलामाने वर्षभरात राज्य सोडणे बंधनकारक होते, म्हणजे मुक्ती द्यायची तर ती हद्दपारीसह द्यावी लागे. ३१ जुलै १८१४ रोजी कोल्स यांनी जेफर्सन यांना पत्र लिहून गुलामगिरीच्या क्रमशः निर्मूलनाचे नेतृत्व करण्याची विनंती केली. एकाहत्तर वर्षांच्या जेफर्सन यांनी विचारांशी सहमती दाखवली, हे काम तरुणांचे आहे असे म्हटले आणि वर, आपले राज्य व आपले गुलाम सोडून जाऊ नये, असा सल्ला दिला. त्यावर कोल्स यांनी उतारवयातही सार्वजनिक कार्य करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांचा दाखला दिला. वयाने आणि अधिकाराने इतक्या लहान माणसाने दिलेले हे उत्तर सौम्य असले तरी वर्मी लागणारे होते.

अखेर १८१९ च्या वसंत ऋतूत कोल्स आपल्या गुलामांसह पश्चिमेकडे निघाले. पिट्सबर्गच्या खाली, ओहायो नदीतून सपाट बुडाच्या नावा वाहत असताना, त्यांनी सर्वांना एकत्र करून ते स्वतंत्र असल्याचे सांगितले आणि कुटुंबप्रमुखांना इलिनॉयमध्ये प्रत्येकी १६० एकर जमीन देऊ केली. आरंभी कोणाचाच विश्वास बसेना, पुढे शांतता पसरली आणि नंतर अश्रू व हसू एकदमच आले, असे वर्णन उपलब्ध आहे. परंतु ते कोल्स यांच्याच लेखणीतले आहे आणि ते वाचताना याचे भान ठेवलेले बरे. मुक्त झालेल्यांपैकी, प्रवासाची व्यवस्था पाहणारे राल्फ क्रॉफर्ड आणि त्यांचे आप्त यांना त्या क्षणी काय वाटले, हे त्यांच्या शब्दांत कोणी टिपले नाही.

इलिनॉयमध्ये १७८७ च्या वायव्य प्रदेशविषयक अध्यादेशाने गुलामगिरीला मनाई होती, तरी जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे गुलाम तसेच राहिले होते आणि दीर्घ मुदतीच्या वेठकरारांनी कृष्णवर्णीयांना बांधून ठेवण्याची पळवाट कायद्यानेच ठेवली होती. एडवर्ड्सव्हिल येथे सरकारी जमीन कचेरीत अधिकारी म्हणून काम करणारे कोल्स १८२२ मध्ये गव्हर्नरपदाला उभे राहिले. गुलामगिरीच्या बाजूची मते जोसेफ फिलिप्स (२,६८७) आणि थॉमस ब्राउन (२,४४३) यांच्यात विभागल्याने ते २,८५४ मतांवर, म्हणजे एकूण मतांच्या जेमतेम तृतीयांशावर, निवडून आले. उरलेली गुलामगिरी संपवावी, असे पहिल्याच भाषणात सांगून त्यांनी विधिमंडळाला डिवचले. विरोधकांनी गुलामगिरीला मुभा मिळावी म्हणून राज्यघटना बदलण्यासाठी परिषद बोलावण्याचा ठराव आणला, आणि त्याला लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमतात एक मत कमी पडताच निकोलस हॅन्सन या सदस्याची आधी मान्य केलेली निवड रद्द करून त्यांच्या जागी जॉन शॉ यांना बसवले. शेवटचा निर्णय मतदारांचा होता. कोल्स यांनी चार वर्षांचे चार हजार डॉलर वेतन या लढ्यात घातले, एका वृत्तपत्राची मालकी मिळवली, आणि मॉरिस बर्कबेक या इंग्रज वसाहतकाराने टोपणनावाने पत्रे लिहून लोकमत वळवले. २ ऑगस्ट १८२४ रोजी परिषदेच्या विरोधात ६,६४० आणि बाजूने ४,९७२ मते पडली.

याच काळात, मुक्त केलेले लोक समाजावर भार होणार नाहीत याचा जामीन न भरल्याबद्दल, माणशी २०० डॉलर या हिशेबाने कोल्स यांना २,००० डॉलरचा दंड झाला. वास्तविक त्यांनी मुक्तीपत्रे दिली तेव्हा जामीन मागणारा तो कायदा छापूनही आला नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२६ मध्ये हा निकाल फिरवला. पुढे १८३१ ची काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, निवडणूक हरल्यावर कोल्स यांनी इलिनॉय सोडले आणि फिलाडेल्फिया गाठले.

तेथे १८३३ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी सॅली लोगन रॉबर्ट्स यांच्याशी विवाह केला. त्यांना एक मुलगी व दोन मुलगे झाले. जुन्या आप्तांचा पिच्छा त्यांनी सोडला नव्हता. मृत्युपत्राद्वारे गुलामांना मुक्त करावे, असे त्यांनी मॅडिसन यांना लिहिले, पण १८३६ मध्ये मॅडिसन वारले तेव्हा मृत्युपत्रात तशी तरतूद नव्हती. त्याहून कठीण प्रसंग स्वतःच्या घरातला होता. धाकटे चिरंजीव रॉबर्ट्स वडिलांनी टाकलेल्या व्हर्जिनियात परतले, यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या राज्यांच्या, सैन्यात कॅप्टन झाले आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये रोअनोक बेटावरील लढाईत मारले गेले. वडील १८६८ पर्यंत जगले. तेव्हा गुलामगिरी संविधानानेच रद्द होऊन अडीच वर्षे लोटली होती.

इलिनॉयमध्ये १८३० साली स्थापन झालेला एक परगणा कोल्स यांच्या नावाने ओळखला जातो. १८४७ मध्ये त्याच परगण्याच्या न्यायालयात, केंटकीहून आणलेल्या जेन ब्रायंट व तिच्या मुलांवर हक्क सांगणाऱ्या रॉबर्ट मॅटसन या मालकाची बाजू, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकन यांनी मांडली आणि ते तो खटला हरले.