पडद्यावरचा पाणवठा

माझी एक आतेबहीण आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. घरात कार्य असले की ताई हमखास दिसेनाशी होते आणि मागल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाआड सापडते. नातेवाइकांनी तिचे नाव फार पूर्वीच ‘माणूसघाणी’ असे ठेवून दिले आहे. पण हीच माणूसघाणी मुलगी रात्री कानांना हेडफोन लावून संगणकासमोर बसली की खिदळत असते. पडद्यावर चारपाच जणी मिळून ठोकळ्यांचे एक गाव बांधीत असतात. दोन वर्षांपूर्वी आत्याने घरचे इंटरनेट बंद करण्याचा बेत केला, तेव्हा ताई एवढेच म्हणाली, “माझी माणसं तिथे आहेत.” खरे सांगायचे तर मी तेव्हा आत्याच्या बाजूची होते. पडद्यात कसली आली आहेत माणसे, असे मला वाटले होते. पुढे वर्षभराने, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ताई स्वमग्न असल्याचे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले आणि मी ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागले. त्या वाचनातून जे उमगले ते येथे मांडीत आहे.

प्रथम शब्दाविषयी. स्वमग्नता, अतिचंचलता, वाचनाची अडचण अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अवस्थांना केवळ रोग न मानता मानवी मेंदूच्या घडणीतले वैविध्य मानावे, हा विचार १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला. अशा घडणीच्या व्यक्तीस आज ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. शब्द जड आहे खरा, पण ‘वेडसर’पेक्षा बरा.

ह्या व्यक्तींमध्ये स्त्रियाही आहेत, हे ध्यानात यायला मात्र फार वेळ लागला. १९४३ साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे जे प्रसिद्ध वर्णन केले, त्यातल्या अकरा मुलांपैकी आठ मुलगे होते आणि तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी चार मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. ते चारही मुलगे. तेव्हापासून स्वमग्न म्हणजे मुलगा, असे चित्रच डॉक्टरांच्या आणि शिक्षकांच्या मनात ठसून बसले. आपल्या सिनेमातही ‘तारे जमीं पर’मधला (२००७) वाचनाची अडचण असलेला ईशान हा मुलगा, ‘माय नेम इज खान’मधला (२०१०) रिझवान हा पुरुष. ‘बर्फी’तली (२०१२) झिलमिल हा अपवाद म्हणावयाचा.

मुली दिसत नाहीत ह्याचे आणखी एक कारण आहे. त्या लपतात; निदान पुष्कळजणी. वर्गातल्या इतर मुली कशा हसतात, कुठे मान डोलावतात, हे पाहून पाहून त्या नक्कल शिकतात. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे जड जाते म्हणून भुवयांच्या मध्यभागी पाहतात. संशोधक ह्याला मुखवटा घालणे म्हणतात. आपल्याकडे तर मुलीने सर्वांशी गोड बोलावे, पाहुण्यांची विचारपूस करावी, हे वळण लहानपणापासूनच लावलेले असते. तेव्हा हा मुखवटा घरातूनच शिवून मिळतो. दिवसभर तो वागवून बाई संध्याकाळी पार गळून जाते. आणि जी मैत्री होते ती मुखवट्याशी होते, आतल्या माणसाशी नाही. चारचौघींत वावरूनही एकटेपण राहते ते ह्यामुळे.

आता खेळाकडे वळू. (पैसे लावून खेळायच्या ज्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, त्यांच्याशी ह्या लेखाचा संबंध नाही.) अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली. घर ही पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी. ह्या दोहोंपलीकडे जिथे माणसे सहज जमतात, जिथे हुद्दा विचारला जात नाही, ती तिसरी. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स ह्या अभ्यासकांनी २००६ साली असे दाखवून दिले की अनेकांनी मिळून खेळायचे ऑनलाइन खेळ हीदेखील एक तिसरी जागाच आहे.

मला ओल्डनबर्गपेक्षा आपला पाणवठा अधिक पटतो. कट्टा आणि पार हे मुख्यतः पुरुषांचे. तिथे गप्पांसाठीच बसायचे असते, आणि नुसत्या गप्पा हीच स्वमग्न व्यक्तीला सर्वांत अवघड गोष्ट. पाणवठ्यावर हाताला काम असते. नजर कळशीवर, धुण्यावर. बोलणे कामाच्या कडेकडेने चाललेले. बोलायला काही नसले तरी तिथे असण्याला कारण असते. व्हिडिओ गेममध्ये नेमके हेच घडते. ‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळात एकजण दगड फोडते, दुसरी भिंत रचते, तिसरी मेंढ्या राखते, आणि संभाषण चालते ते “लाकूड संपलं”, “मी आणते” असे. कोणाच्या डोळ्यांत पाहावयाचे नाही, चेहरा वाचावयाचा नाही. नियम सर्वांना ठाऊक असतात. ‘तुला इतकेही कळू नये?’ असा अलिखित नियमांचा जाच नसतो. बोलण्याऐवजी लिहिता येते आणि लिहिण्यापूर्वी विचार करता येतो. आवाज आपल्या हाताने कमी करता येतो. थकवा आला तर “येते” म्हणून बाहेर पडता येते. हळदीकुंकवातून असे उठून आले तर वर्षभर बोलणी खावी लागतात! एकाच विषयात तासन् तास रमण्याची जी सवय घरी खोड ठरते, तीच तिथे उपयोगी पडते. आगगाडीच्या रुळांची जुळणी जिला तोंडपाठ, तिला सगळे शोधीत येतात.

स्वमग्न व्यक्तीला दुसऱ्याचे मन कळत नाही, अशी जुनी समजूत आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली तिला उत्तर दिले: न कळणे हे दोन्हीकडून असते. इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाही. फक्त दोष एकाच्याच पदरी बांधला जातो. ह्याची एक चाचणी एडिंबरा विद्यापीठातील कॅथरिन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी केली. ती २०२० साली प्रसिद्ध झाली, आणि ती म्हणजे आपला कानगोष्टींचा खेळच होय. आठ-आठ जणांच्या साखळीत पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असे शेवटपर्यंत. केवळ स्वमग्न प्रौढांच्या साखळीतून गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली. ताईचे आणि तिच्या मैत्रिणींचे का जमते, ह्याचे मला मिळालेले हे सर्वांत समाधानकारक उत्तर.

खेळ घडविणाऱ्यांनाही हा एकटेपणा अपरिचित नाही. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ ही २००१ पासून सुरू झालेली जपानी मालिका कात्सुया एगुची यांना सुचली ती नोकरीसाठी चिबा सोडून क्योतोला आल्यावर, घरची माणसे आणि मित्र दुरावल्यामुळे. आणि २०१६ साली आलेल्या ‘ओव्हरवॉच’ ह्या अमेरिकन खेळातली सिमेट्रा ही तर हैदराबादेत जन्मलेली सत्या वासवानी. नृत्यातल्यासारख्या हस्तमुद्रांनी प्रकाशाच्या भिंती उभारणारी. ती स्वमग्न असल्याचे त्या खेळाचे दिग्दर्शक जेफ कॅप्लन यांनी २०१७ साली एका चाहत्याच्या पत्रास उत्तर देताना स्पष्ट केले. भारतीय, स्त्री आणि स्वमग्न अशी नायिका आपल्या साहित्यात मी शोधीत होते. ती सापडली बंदुकीच्या खेळात, ह्याचे नवल वाटते आणि थोडी खंतही.

पण चित्र एवढेच गोजिरे नाही. पाणवठा हा शब्द महाराष्ट्रात वापरायचा तर १९२७ चे महाड आठवल्यावाचून राहत नाही. त्या अन्यायाशी ह्याची बरोबरी करावयाची नाही; परंतु कोणाला येऊ द्यायचे हा प्रश्न कोणत्याही पाणवठ्यावर उभा राहतोच. मोठ्या ऑनलाइन खेळांत बाईचा आवाज ऐकू आला की शेरेबाजी सुरू होते. २०१४ साली तर खेळांच्या जगातील स्त्रियांना धमकावण्याची एक मोहीमच चालली. म्हणून कित्येकजणी आवाज बंद ठेवतात, पुरुषी नाव घेतात. म्हणजे मुखवटा उतरवायला यावे आणि दारातच दुसरा चढवावा लागावा!

ह्यावर उपाय एकच दिसतो, तो म्हणजे दाराशी कोणी जागे असणे. कॅनडातील स्टुअर्ट डंकन हे स्वतः स्वमग्न आणि स्वमग्न मुलाचे वडील. इतर ठिकाणी ह्या मुलांना छळतात असे पालकांकडून कळल्यावर त्यांनी २०१३ साली ‘माइनक्राफ्ट’मध्ये ‘ऑटक्राफ्ट’ नावाची वेगळी जागा उघडली. अर्ज केल्यावाचून तिथे प्रवेश नव्हता आणि मोठी माणसे लक्ष ठेवून असत. ती जागा मुख्यतः मुलांसाठी. पण ताईच्या चारपाचजणींनी आपल्या गावापुरते हेच केले आहे. ओळखीवाचून कोणाला आत घेत नाहीत.

व्यसनाचे काय, असे आमचे प्राध्यापक विचारतील. प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाचे अनावर व्यसन हा विकार म्हणून नोंदलेला आहे. २०१३ साली मिसुरी विद्यापीठातील एका अभ्यासात असे आढळले की स्वमग्न मुले इतर मुलांपेक्षा अधिक वेळ खेळतात. मात्र तो अभ्यास केवळ मुलग्यांचा होता. येथेही मुली नाहीतच! माझ्या मते तास मोजण्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: खेळून उठलेली व्यक्ती कशी असते? ताई झोप मोडून खेळत असे तेव्हा चिडचिडी उठायची; मैत्रिणींबरोबर गाव बांधून उठते तेव्हा स्वयंपाकघरात येऊन आपण होऊन बोलते.

आत्याने इंटरनेट बंद केले नाही. रात्री अकराला संगणक मिटायचा, एवढे ठरले. गेल्या दिवाळीत मी तिकडे होते, तेव्हा आत्या चष्मा लावून ताईच्या शेजारी येऊन बसली. पडद्यावर एक लाल टोपीवाली आकृती विहिरीचा काठ बांधीत होती. “ही कोण गं?” आत्याने विचारले. ताईने नाव सांगितले, केरळात असते म्हणाली. आत्याने घड्याळाकडे पाहिले.

“विचार तिला, जेवलीस का म्हणून.”