बेपत्त्यांचे दप्तर

अमृतसरचे जसवंतसिंग खालरा बँकेत कामाला होते. पंजाबातल्या दहशतवादविरोधी मोहिमेच्या काळात त्यांच्या ओळखीतली काही माणसं गायब झाली, आणि त्यांच्या मागावर ते शेवटी स्मशानात पोचले. तिथे त्यांच्या हाती वही लागली. बेवारस म्हणून नोंदलेलं प्रेत कुठल्या पोलिसाने आणलं, सरणाला लाकूड किती लागलं, सगळं तीत होतं. 1995 च्या जानेवारीत त्यांनी हा हिशेब पत्रकारांपुढे मांडला. सप्टेंबरात त्यांनाच उचललं गेलं, आणि त्यांच्या खुनाबद्दल पोलिसांना शिक्षा व्हायला 2005 साल उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून झालेल्या सीबीआय तपासात मात्र तीन स्मशानभूमींतली 2,097 प्रेतं नोंदीवर आली.

खालरा कुठल्याही आयोगाचे अधिकारी नव्हते. तरी बेपत्ता माणसांचा तपास करणाऱ्या मानवाधिकार अधिकाऱ्याचं काम समजून घ्यायचं तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते. आपल्याकडे पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल होते, तिथे माणूस कुठे गेला हे खरोखरच कोणाला माहीत नसतं. ज्याला वर्दीतली माणसं घरातून घेऊन जातात, त्याची गोष्ट वेगळी. गाडीला डिझेल लागतं, पहारा बदलतो, कैद्याला दोन घास तरी घालावे लागतात. तो कुठे आहे हे कोणाला तरी पक्कं ठाऊक असतं आणि बहुधा कुठेतरी लिहिलेलंही असतं. अधिकारी शोधत असतो ते माणसाला आणि त्याहून जास्त त्या ‘कोणाला तरी’.

या कामाची पहिली मोठी शाळा अर्जेंटिनात भरली. लष्करी राजवट संपल्यावर 1983 च्या डिसेंबरात कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि पुढल्या सप्टेंबरात त्याने 8,961 बेपत्ता माणसांची प्रकरणं नोंदवून अहवाल दिला. सुटून आलेल्यांच्या डोळ्यांवर छळछावणीत सगळा काळ पट्टी होती, मग त्यांची साक्ष धरायची कशी? आयोगाची माणसं त्यांना घेऊन संशयित इमारतींत गेली. काही जणांनी पुन्हा डोळे मिटले आणि पायऱ्या मोजत, भिंती चाचपत खोल्या ओळखल्या. ब्वेनोस आयरेसच्या, छळछावणी बनलेल्या नौदल यांत्रिकी शाळेत तर 1979 साली, परदेशी निरीक्षक यायच्या आधी, लिफ्ट काढून टाकून तळघराचा जिनाही बंद केला होता, म्हणजे कैद्यांनी सांगितलेलं वर्णन जागेशी जुळू नये. डागडुजीच्या खुणाच पुढे पुरावा ठरल्या. त्याच देशात 1984 साली अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून हाडं वाचणारं पथक उभं केलं. जगभरच्या उत्खननांत आज त्याच परंपरेतली माणसं दिसतात.

आपल्या शेजारचं उदाहरण मात्र नेपाळचं, आणि मराठीत त्यावर फारच थोडं लिहिलं गेलं आहे. माओवादी युद्ध 1996 च्या फेब्रुवारीपासून 2006 च्या नोव्हेंबरपर्यंत चाललं. 2003 आणि 2004 या दोन वर्षांत संयुक्त राष्ट्रांकडे बेपत्त्यांची सर्वाधिक नवी प्रकरणं या एवढ्याशा देशातून गेली. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांचं कार्यालय काठमांडूत उघडलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात त्या कार्यालयाने महाराजगंजच्या भैरवनाथ बटालियनचा अहवाल काढला. 2003 मध्ये राजधानीतल्या त्या बराकीत शेकडो लोक डांबले होते, आणि त्यातल्या 49 जणांचा पुढे थांगच लागला नाही. इथेही साक्षीदारांचे डोळे बांधलेले. शेजारी कोण कण्हतोय, रोजच्या हजेरीतला कुठला आवाज एका रात्रीनंतर बंद झाला, अशा तुकड्यांतून यादी जुळवली गेली. एका कैद्याने सांगितलेलं नाव दुसऱ्याने, त्याला न भेटता, स्वतंत्रपणे सांगितलं तरच ते पक्कं. लष्कराने आपलं दप्तर दाखवलं असतं तर हे काम एका दुपारचं होतं.

दुसरा अहवाल बर्दिया जिल्ह्याचा, 2008 च्या डिसेंबरातला. तराईतला हा जिल्हा थारू समाजाचा. जमीन उच्चवर्णीय जमीनदारांची आणि राबणारे थारू वेठबिगार, ज्यांना कमैया म्हणतात. 2000 च्या जुलैत सरकारने कमैया मुक्त झाल्याचं जाहीर केलं. 2001 च्या नोव्हेंबरात आणीबाणी आली आणि सैन्य गावांत शिरलं. अहवालातल्या 170 प्रकरणांपैकी 156 राज्ययंत्रणेच्या खात्यावर आणि 14 माओवाद्यांच्या, आणि यंत्रणेने नेलेल्यांत 85 टक्क्यांहून अधिक थारू. जमिनीच्या जुन्या भांडणात कोणी कोणाचं नाव बराकीत पोचवलं, हे आकड्यांत दिसत नाही. ते गावात बसल्यावरच कळतं.

अशा गावात जबाब घ्यायचा म्हणजे काय? तारीख विचारून उपयोग नसतो. माघीच्या आधी की नंतर, असं विचारावं लागतं. माघी म्हणजे थारूंचं नवं वर्ष, आपल्या संक्रांतीच्याच सुमाराला. भात कापून झालं होतं का? वर्दी निळी होती की ठिपक्यांची? निळी असेल तर पोलीस, ठिपक्यांची असेल तर सैन्य, आणि दोन्ही असतील तर संयुक्त तुकडी, म्हणजे हुकूम वरून आलेला. तोंड झाकलेला एखादा गावकरी सोबत होता का? दुसऱ्या दिवशी बराकीच्या फाटकावर कोण गेलं, आणि काय उत्तर मिळालं? ‘इथे नाही’ आणि ‘चौकशी करून सोडू’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या उत्तरात ताबा कबूल झालेला असतो. शेवटचा प्रश्न, तुमचं नाव सरकारला कळवलं तर चालेल का? नाही म्हटलं तर जबाब तेवढाच खरा राहतो, फक्त कोर्टात लुळा पडतो. कुठलंही आश्वासन द्यायचं नाही हा या पेशाचा पहिला नियम, आणि समोरची आई नेमकं तेच मागत असते.

हाडं सापडली की काम सोपं होतं असं वाटतं, ते तितकंसं खरं नाही. बोस्नियात 1995 च्या जुलैतल्या स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडानंतर मारेकऱ्यांनी बुलडोझरने कबरी उकरून प्रेतं दुसरीकडे हलवली. एकाच माणसाची हाडं तीन-चार खड्ड्यांत निघाली. 2001 पासून नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवण्याचा सपाटा सुरू झाला आणि सुमारे आठ हजारांपैकी जवळपास सात हजार जणांना नाव परत मिळालं. तिथे जोडीला न्यायालय होतं, म्हणून तीच हाडं खटल्यांत उभी राहिली.

सायप्रसमध्ये उलटा सौदा आहे. 1981 मध्ये नेमलेल्या समितीने 2,002 बेपत्ता माणसं स्वीकारली, 1,510 ग्रीक आणि 492 तुर्की सायप्रियट. मृत्यू कसा झाला, कोणी केला, हे सांगायचं नाही अशी तिच्यावर अटच आहे. म्हणून म्हातारे गावकरी नाव न सांगण्याच्या बोलीवर विहिरी आणि बांध दाखवतात. हजाराहून अधिक माणसं अशी घरी परतली. मला हा सौदा पटत नाही, पण ज्या घरात पेटी पोचली त्यांच्यासमोर हे बोलायची माझी हिंमत होणार नाही. पंजाबात तर याच्याही खाली उतरलो आपण. मानवी हक्क आयोगाने ओळख पटलेल्या प्रेतांच्या कुटुंबांना भरपाई दिली. पण ही माणसं मेली कशी, याची चौकशी बाजूलाच राहिली.

नेपाळात पाच तरुणांच्या प्रकरणात ओळख आणि न्याय या दोन वाटांपैकी एकच शेवटपर्यंत गेली. धनुषा जिल्ह्यात 2003 च्या ऑक्टोबरात पकडलेल्या या पोरांची हाडं गोदारच्या नदीकाठी 2010-11 मध्ये फिनलंडच्या तज्ज्ञांच्या मदतीने निघाली. ओळख पटून ती घरच्यांच्या हाती पडली 2014 मध्ये. हत्येचा खटला मात्र हलला नाही.

मागे राहिलेल्या बायकांचा हिशेब वेगळाच. नेपाळी रिवाजात लाल बांगड्या आणि सिंदूर काढायचा तर नवरा मेला असं म्हणावं लागतं, आणि तसं म्हटलं की गावाच्या दृष्टीने तिनेच त्याला मारलं. न काढावं तर सासरी जमिनीच्या कागदावर नाव लागत नाही. तिथल्या कायद्याची परंपरा 12 वर्षं थांबायला सांगते, आपला पुरावा कायदा 7 वर्षं. आपल्याकडे प्रेत न मिळाल्यास करायचा पालाशविधी आहे, त्यांच्याकडे कुशाचा पुतळा, पण पुतळ्याला अग्नी द्यायला किती जणी तयार होतात? सरकारने भर घातली ती अशी, की सुरुवातीच्या मदतीत मृताच्या घराला 1 लाख नेपाळी रुपये आणि बेपत्त्याच्या घराला 25 हजार. ही तफावत पुढे दूर झाली. पण चौकशी अधिकारी दारात आला की ‘मेला असं लिहू का?’ हा प्रश्न बायकोच्या कानाला पैशाचा प्रश्न वाटायचा, यात तिचं काय चुकलं?

2006 च्या शांतता करारात बेपत्त्यांची नावं 60 दिवसांत जाहीर करायचं वचन होतं. 2007 च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग आणि स्वतंत्र कायद्याचा आदेश दिला. आयोग अवतरला 2015 मध्ये. दरम्यान, 2011 अखेर, संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय बंद झालं होतं. आयोगाकडे तीन हजारांवर तक्रारी आल्या, मुदती वाढत गेल्या, पदाधिकारी बदलले, मधली काही वर्षं खुर्च्या रिकाम्याच होत्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये कायदा दुरुस्त झाला आणि 2025 च्या मेमध्ये नव्या नेमणुका झाल्या, त्याही पीडितांच्या संघटनांच्या विरोधात. या अवधीत डीएनएसाठी रक्त देणारे आईवडील एकेक करून जातायत. आईचा नमुना नसेल तर भावंडांचा घ्यावा लागतो आणि जुळणी कमकुवत होते. म्हणून नव्या अधिकाऱ्याने बर्दियात जाऊन आधी जबाब घ्यायचे की आधी रक्त, असा प्रश्न कोणी विचारलाच, तर माझं उत्तर रक्त. जबाब 2008 च्या अहवालाच्या दप्तरात आहेत. बराकीचं दप्तर मागायचा अधिकार आयोगाला आहे, आणि तो त्याने पुरेपूर वापरायला हवा.