विगानची लाँगानिसा

फिलिपाइन्समध्ये जवळजवळ प्रत्येक प्रांताची आपली अशी लाँगानिसा असते. डुकराचं मांस, चरबी, मीठ-मसाला कालवायचा आणि आतड्यात भरायचा, इथवर कृती बहुतेक ठिकाणी सारखीच. पुढे मात्र वाटा फुटतात. साखर घातलेली गोड ती 'हामोनादो', लसूण-मसाल्याची ती 'दे रेकादो'. या दुसऱ्या घराण्यात मी पहिला मान देईन तो लुझोन बेटाच्या वायव्येला, इलोकोस सुर प्रांतात असलेल्या विगान शहराच्या लाँगानिसाला.

दिसायला ती बुटकी आणि गुबगुबीत. हाताला चव असणारे कारागीर मांसाचा लगदा होऊ देत नाहीत, जाडसर चिरतात. मग दाताखाली मांस वेगळं लागतं आणि चरबी वेगळी. पहिल्याच घासाला लसूण नाकात जातो, पाठोपाठ आंबटपणा येतो.

हा लसूण इलोकोसचा. पाकळ्या एवढ्याशा, सोलताना बोटं दुखतात, पण वास उग्र. विगानच्या उत्तरेचं सिनाइत हे गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. आंबटपणा येतो उसाच्या व्हिनेगरचा. उसाचा रस उकळून 'बुर्नाय' नावाच्या रांजणांत आंबवतात. आधी त्याची 'बासी' ही दारू होते, आणखी मुरली की व्हिनेगर. ते रांजणही विगानचेच. चिनी कुंभारांनी ही कला तिथे रुजवली. माती रेड्यांकडून तुडवून घेतात आणि लांबलचक भट्टीत रांजण भाजतात. या उसाच्या रसाशी इलोकानो माणसाचा जीव किती जडलेला आहे, हे इतिहासानंही पाहिलं आहे. बासीवर स्पॅनिश सरकारने निर्बंध लादले, तेव्हा १८०७ साली इथले लोक बंड करून उठले होते.

गोव्याच्या वाचकाला एव्हाना तिथली सॉसेज, म्हणजे चोरिस, आठवली असेल, आणि ते नातं खरंच आहे. दोघींचं मूळ इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, स्पॅनिश १५७० च्या दशकात विगानला पोहोचले. गोव्यात तिला लाल मिरची आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर भेटलं, विगानमध्ये लसूण आणि ऊस.

शिजवण्याची रीत सोपी आहे. तव्यात थोडं पाणी घालून लाँगानिसा ठेवायच्या. पाणी आटलं की त्यांची चरबी सुटते. त्याच चरबीत त्या तांबूस होईपर्यंत परतायच्या. सोबत लसूण घालून परतलेला भात, अंडं आणि बुडवायला पुन्हा तेच व्हिनेगर. विगानच्या एम्पानादामध्येही, तांदळाच्या पिठाच्या कुरकुरीत पारीत, कच्च्या पपईबरोबर आणि अंड्याबरोबर तिचं सारण असतं.

काळजी वाटते ती लसणाची. बाहेरून, मुख्यतः चीनमधून, मोठ्या पाकळ्यांचा स्वस्त लसूण फिलिपाइन्सच्या बाजारात येतो आणि त्याच्या भावापुढे इलोकोसचा शेतकरी टिकत नाही. मोठ्या पाकळीचा लसूण भराभर सोलून होतो हे खरं, पण त्यात तो जोर नाही. तो घातलेली लाँगानिसा विगानमध्ये बनली तरी तिला विगानची म्हणायला माझं मन तयार होत नाही. युनेस्कोने १९९९ साली विगानच्या जुन्या दगडी घरांना जागतिक वारसा ठरवलं. ती घरं बघायला कधी गेलात, तर तिथल्या बाजारातही जा आणि लाँगानिसा घेण्याआधी विकणाऱ्या बाईंना विचारा, लसूण इलोकोसचाच आहे ना? हो म्हणाल्या, तर दोन पैसे जास्त मोजून घ्या.