बर्फाच्या रस्त्यावर गाडी कुठे थांबवू नये?

अलीकडे रमजान ईद मार्चमध्ये येत आहे. ईद आणि सुट्टी जोडून आपल्याकडची बरीच कुटुंबे काश्मीर, मनाली, सिक्कीमला जातात. मुलांना बर्फ बघायचा असतो. पण नेमके हेच दिवस डोंगरावरचा बर्फ सुटून रस्त्यावर येण्याचेही असतात. मराठीत याला हिमस्खलन म्हणतात. उर्दू अखबारात 'बर्फानी तोदा' हा शब्द तुम्ही वाचला असेल.

४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोकहून नाथू ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भर दुपारी असाच बर्फ कोसळला. सात पर्यटकांचा जीव गेला. परवाने १३ व्या मैलापर्यंतचेच होते, लोक मात्र १५ व्या मैलापर्यंत गेले होते.

बर्फ का घसरतो?

हिवाळाभर पडलेला बर्फ थरावर थर असा साचतो. मधला एखादा थर कच्चा राहिला की वरचा थर त्यावरून सुटतो. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा टिकतच नाही. जोरदार बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस आणि उन्हाने बर्फ ओला होण्याची दुपार, या दोन वेळा जपायच्या. म्हणजे बघा, आकाश निळे, ऊन छान, फोटोला मस्त असा दिवसही धोक्याचा असू शकतो.

जागा कशी ओळखायची?

डोंगरावर झाडी आहे, पण मध्येच वरपासून रस्त्यापर्यंत एक उघडा पट्टा दिसतो? तो बर्फाचा नेहमीचा मार्ग समजा. मोडलेली झाडे, रस्त्यालगत बर्फाचे मोठे ढेकूळ, धोक्याची पाटी, याही खुणाच. अशा जागी फोटो, चहा, चाकांना साखळी बांधणे, कशासाठीही थांबू नका. पुढे रस्ता अडला असेल तर त्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबा, रांगेत गर्दी करू नका.

गाडी बर्फात अडकली तर?

काचा बंद ठेवा, इंजिन लगेच बंद करा. सायलेन्सर बर्फाने बुजला तर विषारी वायू गाडीत शिरतो. बाहेर पळू नका. वरून आणखी बर्फ येऊ शकतो. ११२ ला फोन करा. कुणी बर्फाखाली गेले असेल तर शेवटचे कुठे दिसले ती जागा ध्यानात ठेवा. पहिली १५ मिनिटे फार मोलाची. त्यानंतर वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते.

निघण्यापूर्वी

डीआरडीओची चंदीगड येथील संस्था हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे देते. जिल्हा प्रशासनही ते कळवते. सकाळी हॉटेलात आधी हे विचारा. आणि स्थानिक ड्रायव्हर "आज पुढे नको" म्हणाला, तर "आम्ही पूर्ण पैसे भरलेत" असा हट्ट धरू नका. त्याचे रोजचे येणे-जाणे त्याच रस्त्याने आहे. खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असेल, मुलांना घेऊन पुन्हा जाता येईल.