काडतुसाचे पुनर्भरण आणि मराठीतील 'बार'

भाषांतराच्या सरावासाठी आमच्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी एक इंग्रजी पुस्तिका निवडली होती. पिस्तुलाची वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा कशी भरावीत हा तिचा विषय. अमेरिकेत हा नेमबाजांचा एक रूढ छंद आहे आणि पुस्तिका नवशिक्यांसाठी लिहिलेली होती. विद्यार्थ्याचे मराठी शुद्ध व बेताचे होते. परंतु 'बार फुसका गेल्यास नेमबाजी तत्काळ थांबवावी' या वाक्यापाशी येताच सारा वर्ग हसला. मूळ पुस्तिकेत हे वाक्य ठळक टाइपात छापले होते. इंग्रजी वाचकाच्या मनात जेथे भय उत्पन्न व्हावयाचे तेथे मराठी वाचकास हसू का यावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम ती क्रिया आणि नंतर तिच्यासाठी आपल्याजवळ असलेले शब्द पाहिले पाहिजेत.

आजच्या काडतुसाचे घटक चार आहेत: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. चाप ओढला म्हणजे टोपीवर आघात होऊन ठिणगी पडते, दारू पेटते आणि तिच्या वायूच्या दाबाने गोळी नळीबाहेर जाते. या चारांपैकी तिघांचा एकदाच उपयोग होतो. पुंगळी मात्र मागे उरते. दाबाने ती क्षणभर फुगते, मागची वाट बंद करते आणि पुन्हा किंचित आकसते. पितळेच्या या लवचिकपणामुळेच पुनर्भरण शक्य होते. पुंगळी स्वच्छ करून तीस कोठे चीर गेली आहे काय हे पाहतात, साच्यातून काढून तिचा आकार पूर्ववत करतात, जुनी टोपी काढून नवी बसवितात, दारू तोलून घालतात आणि शेवटी गोळी बसवितात.

हे वर्णन वाचून काम हाताचे आहे असे वाटेल. वस्तुतः ते मुख्यतः वाचनाचे आणि तोलण्याचे आहे. कोणत्या गोळीस कोणती दारू किती, याचे छापील तक्ते असतात आणि त्यांबाहेर जाण्यास मुभा नसते. तोल ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. पिस्तुलाच्या काडतुसात असे काही थोडेच ग्रेन लागतात. पुष्कळदा ते पुंगळीचा निम्मा भागही व्यापत नाहीत. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती आत मावते आणि वरून काही कळत नाही. म्हणून गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणे हा या कामातील पहिला धडा मानतात.

आपल्याकडे हा छंद म्हणून करता येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. त्याच्या कलम ५ अन्वये परवान्यावाचून शस्त्रे वा दारूगोळा तयार करता येत नाही; आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. भाषेच्या अभ्यासकास यातील व्याख्येचे कलम विशेष पाहण्याजोगे वाटेल. त्यात दारूगोळा या संज्ञेखाली दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रेही घातली आहेत. व्यवहारात जे यंत्र ते कायद्यात दारूगोळा ठरते.

आता शब्दांकडे वळू. या क्षेत्रातील आपला शब्दसंग्रह प्रथमदर्शनी लष्करी दिसतो. परंतु मुळाशी गेले असता तो वैद्याच्या आणि वाण्याच्या घरचा निघतो. 'दारू' म्हणजे फारसीत औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. चिनी भाषेतही स्फोटक दारूस 'अग्नि-औषध' अशा अर्थाचाच शब्द आहे, आणि डच भाषेतील शब्द वनस्पती वा औषधी पाला या अर्थाच्या शब्दाचा सगोत्र आहे. 'गोळी' औषधाचीही असते, हे सांगावयास नकोच. 'बंदूक' शब्दाच्या मुळाशी असलेला अरबी 'बुंदुक' हा हेझल झाडाच्या कठीण कवचाच्या फळाचा वाचक आहे. फळावरून त्या आकाराची गोळी आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार असा अर्थाचा प्रवास झाला. 'बार' हा फारसीत ओझ्याचा वाचक असून संस्कृत 'भार' त्याचा सगोत्र आहे. बंदुकीत एका वेळी घालावयाचे ओझे तो बार, आणि पुढे त्या ओझ्याचा आवाज तोही बारच.

'काडतूस' शब्दाचे घराणे युरोपीय आहे. पोर्तुगीज 'कार्तुशु' आणि फ्रेंच 'कार्तूश' यांच्या मुळाशी कागद या अर्थाचा शब्द आहे. १८५७ च्या उठावास निमित्त झालेले काडतूस हे असे कागदाचेच होते. एन्फिल्ड बंदुकीच्या शिपायाने चरबी लावलेल्या त्या पुडीचे टोक दातांनी तोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची आणि गोळी गजाने खाली दाबावयाची. 'काडतूस' म्हणताच पितळेची वस्तू डोळ्यांसमोर आणणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यास 'दाताने तोडणे' हे कोडे वाटते ते यामुळेच. त्याच १८५७ साली मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे; कारण त्या कोशात जी मराठी साठविलेली आहे ती तोंडाने भरावयाच्या बंदुकीच्या काळातील मराठी आहे.

आपले वाक्प्रचारही त्याच बंदुकीचे आहेत. 'ठासून भरणे' हे आपल्याकडे भरगच्चपणाचे लक्षण. गाडी माणसांनी ठासून भरते, लेख माहितीने ठासून भरतो. ठासणीच्या बंदुकीत ही क्रिया खरोखरच आवश्यक होती. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळीस धोका. म्हणून गजाने ठासणे हेच शहाणपण. कोकणात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकांच्या बाबतीत ते आजही खरे आहे. धुराच्या काळ्या दारूच्या जागी १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय याने तयार केलेली धूरहीन दारू आणि तिच्या जातीची इतर मिश्रणे आली, तेव्हा मात्र हे शहाणपण उलटे झाले. ही दारू थोडी लागते आणि ती बंदिस्त जागेच्या फरकास फार संवेदनशील असते. गोळी नेमल्यापेक्षा थोडी अधिक आत गेली तरी दाब धोकादायक रीतीने वाढतो. येथे ठासणे हा गुण राहत नाही, अपराध होतो.

'फुसका बार' याची गोष्टही अशीच आहे. दारू कमी पडली वा मुळीच पडली नाही तर केवळ टोपीच्या जोराने गोळी सुटते आणि नळीतच अडकते. आवाज क्षीण होतो, पाहणारा हसतो. ठासणीच्या बंदुकीत गोळी अशी अडकली तर पुढचा बार भरताना गज पुरता आत जात नसे आणि चूक आपोआप उघड होई. म्हणजे हसून सोडून देण्यास तेथे अवकाश होता. रिव्हॉल्वरमध्ये मात्र पुढचे काडतूस आपण होऊन नळीसमोर येते, आणि पिस्तुलात नेमबाज सवयीने खटका ओढून ते पुढे आणतो. मध्ये गज नाही. दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुटते. पुनर्भरण करणाऱ्याच्या दृष्टीने मोठ्या आवाजाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा लहान आवाज भयंकर आहे. आमचा वर्ग हसला तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या बंदुकीच्या भरवशावर.

हे केवळ पुस्तकी नव्हे, याचा पुरावा विश्रामबागेपासून फार दूर नाही. सांगलीहून तासगावकडे जाताना कवठे एकंद हे गाव लागते. तेथे विजयादशमीच्या रात्री श्रीसिद्धराजाच्या पालखीपुढे शोभेच्या दारूची आतषबाजी होते. ठासणे, बार, बत्ती हे शब्द तेथे अलंकार म्हणून वापरीत नाहीत. ते कामाचे शब्द आहेत आणि त्यांचा धाकही कामाचाच आहे. याच गावी २०१५ साली फटाक्यांच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेकांचे प्राण गेले. जेथे दारू हाताळली जाते तेथे शब्दाचा अर्थ हातास ठाऊक असतो; जेथे तो हात सुटला तेथे शब्द नुसता विनोदाचा वा कौतुकाचा उरतो. भाषांतर करणारा बहुधा या दुसऱ्या बाजूस बसलेला असतो. कोशात शब्द सापडला म्हणजे काम झाले असे त्यास वाटते. परंतु तो शब्द कोणत्या हत्यारावरून आला आहे, हे कोश त्यास सांगेलच असे नाही.

तेव्हा पारिभाषिक शब्द निवडताना दोन कसोट्या लावाव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, जुना शब्द जुन्या क्रियेस चिकटलेला आहे काय? दुसरी, त्याच्यासोबत येणारा भाव नव्या क्रियेस घातक आहे काय? या कसोट्यांवर 'टोपी', 'पुंगळी', 'चाप' हे शब्द उतरतात. वर्तमानपत्रांतील 'जिवंत काडतूस' हाही उतरतो; त्यातील इशारा वाचकास बरोबर पोहोचतो. 'फुसका बार' उतरत नाही. तेथे 'गोळी नळीत अडकणे' असे साधे वर्णनच बरे. आणि एका काडतुसात घालावयाच्या दारूस 'बार' न म्हणता 'मात्रा' म्हणावे. ओझे डोळ्याने भरता येते. मात्रा तोलूनच द्यावी लागते, आणि ती चुकली तर काय होते हे प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे.

विद्यार्थ्याने पुढील तासास ते वाक्य असे वाचून दाखविले: 'आवाज नेहमीपेक्षा लहान झाला तर गोळी नळीत अडकली असे समजावे, आणि नळी मोकळी असल्याची खात्री केल्यावाचून पुन्हा चाप ओढू नये.' या वेळी वर्गात कोणी हसले नाही.