पहिल्यातून दुसऱ्यात जाताना बसणारा दणका

हॉस्टेल सोडून मला आता दोन वर्षं झाली. सध्या टेक्सासमध्ये डॅलसजवळ एम.एस. करतोय. संपादकांनी "तिकडचं काहीतरी लिही" म्हटल्यावर खरं तर नायगरा धबधब्यावर लिहायला हवं होतं, पण तो मी अजून पाहिलेला नाही. पाहिलाय तो एका जुन्या पिकअप ट्रकचा गिअरबॉक्स, तोही गाडीखाली पाठीवर झोपून.

ट्रक १९९८ चा. आम्ही तिघा रूममेट्सनी वर्गणी काढून २४०० डॉलरला घेतलेला. गिअरबॉक्स चार गिअरचा, ऑटोमॅटिक, नाव 'फोर एल सिक्स्टी ई'. यातला 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक, आणि पुढचं सगळं रामायण त्या 'ई'मुळेच घडलं.

तक्रार अशी : सकाळी थंड गाडी लोण्यासारखी चालायची. हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं पळवून गावात शिरलो, की सिग्नलवरून निघताना पहिल्यातून दुसरा गिअर पडायचा तो दाणकन! गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून निकाल दिला, "अख्खा गिअरबॉक्स खोलावा लागेल, २५०० डॉलर." चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

त्यात आमच्यातला एकजण नोकरी लागून ह्यूस्टनला निघालेला. त्याला त्याचे ८०० परत हवे होते. दुसऱ्याचं म्हणणं, "गाडी तूच दामटलीस, तूच वाट लावलीस, आता पैसे कसले मागतोस?" दोन दिवस खोलीत कुणी कुणाशी बोलेना. दोघेही कॉम्प्युटरवाले, मेकॅनिकलचा मी एकटा. त्यामुळे निवाडा माझ्या गळ्यात.

पहिली चूक मी केली. फार विचार न करता ऑइल आणि फिल्टर बदलला. फरक शून्य. पण त्या निमित्ताने खालचा ट्रे उघडला होता. ऑइलला जळका वास नव्हता, तळाशी थोडी करडी पूड होती, चुरा किंवा धातूचे तुकडे नव्हते. म्हणजे क्लच प्लेटा बऱ्यापैकी शाबूत. हे तेव्हा ध्यानात घेतलं असतं तर आठवडा वाचला असता. असो.

खरा धागा पेट्रोल पंपावर सापडला. दणके देत तिथवर आलो, इंजिन बंद केलं, पेट्रोल भरून पुन्हा सुरू केलं, तर दणका गायब! आता बघा, माझा पहिला संशय ॲक्युम्युलेटर पिस्टनवर होता. पहिल्या-दुसऱ्या गिअरचा धक्का शोषून घेणारा हा पिस्टन या गिअरबॉक्समध्ये तडकतो. पण तडकलेल्या पिस्टनला किल्ली फिरवल्याचं काय कळणार? तो थंड-गरम कधीही दणका देईल. किल्लीने बरं होणारं दुखणं कॉम्प्युटरशी संबंधित असणार. कॉलेजच्या ऑटो क्लबकडून स्कॅनर उसना आणला. कोड निघाला पी १८७०, म्हणजे गिअरबॉक्समध्ये काहीतरी घसरतंय.

दणका बसतोय आणि कोड म्हणतो घसरतंय! इथे थोडी थिअरी सहन करा. गिअर बदलताना क्लच प्लेटा तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. दाब जास्त असेल तर पकड झटक्यात बसते. हा दाब एक सोलेनॉइड ठरवतो, आणि त्याची गंमत म्हणजे सुमारे १.१ अँपिअर करंट दिला तर दाब सर्वांत कमी, शून्य दिला तर सर्वांत जास्त. उलटं का? कारण वायर तुटली तर करंट शून्य होणार. अशा वेळी दाबही गेला तर प्लेटा घसरून जळतील. त्यापेक्षा दणके परवडले. (व्हायवात विचारलं तर हेच सांगा.) कॉम्प्युटरही हेच करतो. घसरण दिसली की दाब कमाल करून ठेवतो. आमचा दणका तो मुद्दाम देत होता.

मग घसरत काय होतं? टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एक फिरला की दुसरा फिरतो, पण जरा मागे राहून. हायवेवर ही तूट नको म्हणून आत एक क्लच दोघांना कुलूप लावतो. चौथ्या गिअरचं गुणोत्तर ०.६९६. ताशी ६५ मैलांना स्कॅनरवर बाहेरचा शाफ्ट मिनिटाला २८०० फेरे घेत होता, म्हणजे इंजिन १९५० च्या आसपास हवं. दिसत होतं २२००. कुलूप नावापुरतंच!

स्कॅनर नसेल तरी ही परीक्षा होते. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात ब्रेक पेडलला किंचित स्पर्श करा, कुलूप सुटतं आणि इंजिनचे फेरे टुणकन वाढतात. आमचे जवळपास वाढलेच नाहीत.

याचं कारण बहुतेक वेळा व्हॉल्व्ह बॉडीत असतं. कुलपाचा दाब सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह तिथे अॅल्युमिनियमच्या भोकात सतत थरथरत राहतो. लाखभर मैलांनंतर भोक लंबगोल होतं, तेल गळतं, दाब पडतो. कुणी गाडी दामटली म्हणून हे होत नाही. हे वाक्य मी खोलीत दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

दुरुस्त केलेली व्हॉल्व्ह बॉडी ३०० डॉलरला मिळाली. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, ट्रे काढला की समोर दिसते. फक्त वरून छोट्या गोळ्या टपकतात, त्यांच्या जागा आधी कागदावर काढून ठेवा. एक गोळी आम्ही पाऊण तास गवतात शोधली. बोल्ट फक्त ११ न्यूटन-मीटरनेच आवळायचे. जास्त जोर लावला तर बॉडी वाकते आणि व्हॉल्व्ह अडकतात. ॲक्युम्युलेटर पिस्टनही बदलला, हात तिथवर गेलाच होता म्हणून. कुलपाचा क्लचच जळला असता तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नव्हता.

ह्यूस्टनवाल्याला ८०० मधून १०० कापून ७०० दिले. त्यावरही तो भांडला. त्याचं सामान त्याच ट्रकमधून पोचवलं. चार तास हायवे, आणि ह्यूस्टनच्या पहिल्या सिग्नलला आम्ही तिघेही गप्प. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंच नाही.